दाढ काढून घेते आहे, काळजी करू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

येत्या शुक्रवारी मी डावीकडची खालची अक्कलदाढ काढून घेणार आहे. दिवस ठरल्यावर कळवते आहे म्हणून रागावू नका. आधी सांगितले असते तर तुम्ही रात्रीच्याच गाडीने पुण्यात हजर झाला असतात आणि बाबांच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपला नसता.

हा निर्णय उतावीळपणे घेतलेला नाही. दिवाळीपासून हिरडी तीनदा सुजली आणि मागच्या खेपेला जबडा असा आखडला की चमचाही तिरका करून तोंडात घालावा लागत होता. एक्स-रेमध्ये दाढ आडवी पडून पुढच्या दाढेला टेकलेली दिसते. जेवढी उगवली आहे तिच्यावर हिरडीचा पापुद्रा आहे, त्याखाली अन्नाचे कण अडकतात आणि तिथे ब्रश पोचत नाही. आई, मिठाच्या गुळण्या केल्या, लवंगही धरली, आराम पडला. पण आडवी दाढ त्याने सरळ होत नाही. असेच ठेवले तर पुढची धडधाकट दाढही किडेल. बाबा, त्या गणपतीत तुम्ही उकडीचे मोदकसुद्धा एकाच बाजूने खात होतात आणि शेवटी दोन दाढा गेल्या, हे मी विसरलेले नाही. ते माझ्या फीचे वर्ष होते, हेही.

वय वाढते तसे हाड घट्ट होते आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तिशीच्या आत काढलेली बरी, असे डॉक्टर म्हणाल्या. वरची दाढ सरळ आली आहे, तिला त्या हातही लावणार नाहीत. खालच्या ओठाची नस तिथून जाते, त्यामुळे क्वचित ओठ काही काळ बधिर राहतो. माझ्या दाढेची मुळे मात्र तिच्यापासून लांब आहेत.

दुधाचा दात कौलांवर टाकेपर्यंत मी तुझा पदर सोडला नव्हता, आई. या वेळी मैत्रीण सोबत येणार आहे, दोन दिवस राहणारही आहे, आणि गार केलेला मऊ वरणभात मला पुरेल.

बाबा, पुन्हा दाढ ठणकली तर लवंग धरून गप्प बसू नका. दाताच्या डॉक्टरांना साखर आणि रक्त पातळ करणारी गोळी दोन्ही सांगा. ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. शुक्रवारी फोन करू नका, मला बोलता येणार नाही. संध्याकाळी मीच दोन ओळी लिहून पाठवीन.

तुमची,
चिमी