दारू तपासता, झोपेचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान लोहगाव विमानतळावरच टग (ओढणाऱ्या) ट्रॅक्टरला धडकले. आत सुमारे १८० प्रवासी होते. कोणाला इजा झाली नाही, त्यामुळे बातमीही लवकरच विरली. १८ एप्रिल २०२५ ला बेंगळुरूमध्ये उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानावर टेम्पो ट्रॅव्हलर आदळला. चालकाला डुलकी लागली असावी, असे तेव्हा छापून आले होते. त्याच वर्षी जुलैत मुंबईत मालाचा ट्रक आकासा एअरच्या उभ्या विमानाच्या पंखाला लागला.

विमान उभे असताना किंवा रांगत असताना लागलेला धक्का आपण मोटारीला पडलेल्या पोच्यासारखा समजतो. तो तसा नसतो. अमेरिकेतील सिएटल विमानतळावर २६ डिसेंबर २००५ रोजी सामान चढवणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या गाडीचा धक्का अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला बसला. त्याने ते लगेच कोणाला सांगितले नाही. विमान उडाले, सुमारे २६ हजार फुटांवर पत्रा फाटला आणि आतला हवेचा दाब झपाट्याने उतरला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणले म्हणून, नाहीतर त्या दिवसाचा मथळा वेगळा असता. आता तर नव्या विमानांत कार्बन फायबरचे भाग वाढले आहेत. त्यांना वरून ओरखडाही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणजे ‘साहेब, माझी गाडी लागली’ हे चालकाने स्वतःहून सांगणे, हीच कित्येकदा पहिली तपासणी.

पण तो सांगेल का? ग्राउंड हँडलिंगची, म्हणजे विमान जमिनीवर असतानाची, बरीच कामे कंत्राटावर चालतात. सांगितले तर नोकरी जाण्याची भीती, आणि दोन उड्डाणांमधल्या अर्ध्यापाऊण तासात सामान, जेवण, इंधन, सफाई सगळे उरकायची घाई. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या ड्युटीच्या तासांवर डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) मर्यादा घातली आहे. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांची मद्यचाचणीही होते, ते योग्यच आहे. मग रात्रपाळीवर रात्रपाळी करून इंजिनाशेजारून गाडी नेणाऱ्याची झोपही तितक्याच काटेकोरपणे मोजा की! ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या आवारात, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, तो कंपनीचा असो वा कंत्राटदाराचा, तासांची मर्यादा हवी. आणि धक्का स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी हवी. लपवणाऱ्याला मात्र खुशाल घरी पाठवा.

दुसरी गोष्ट माणसांची. एसटी आगारात गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो. मोठ्या विमानांच्या वैमानिकाला कॉकपिटमधून स्वतःच्या पंखाची टोके सहसा दिसत नाहीत, तरी विमान उभे करायच्या दाटीवाटीच्या जागेत (बेमध्ये) दोन्ही पंखांशी माणूस उभा राहीलच, अशी खात्री नसते. २७ मार्च २०२४ ला कोलकात्यात तर बेच्याही पुढे, टॅक्सीवेवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर), इंडिगोच्या विमानाचा पंख धावपट्टीवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला घासला. दोन्ही विमानांत प्रवासी होते. डीजीसीएने इंडिगोच्या वैमानिकांना कामावरून दूर केले. ठीक आहे, पण तेथे दोन विमानांमध्ये अंतर किती होते, जमिनीवरच्या खुणा कशा होत्या, हेही प्रवाशांना कळायला हवे.

आपणही काही कमी नाही. विमान बेमध्ये थांबायच्या आत उभे राहून बॅगा ओढणारे आणि बसमधून उतरल्यावर पंखाखाली सेल्फी काढणारे आपणच.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तेथे कंत्राटे नवी आहेत, सवयी अजून रुळायच्या आहेत. चालकांच्या तासांची आणि पंखांशी माणूस उभा करण्याची अट तेथील करारांतच घालावी आणि जमिनीवरच्या प्रत्येक धडकेचा चौकशी अहवाल डीजीसीएने संकेतस्थळावर टाकावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे