पट्टी म्हणजे निकाल नव्हे

महोदय,
कालच्या अंकात ‘लघवीत अफू’ या बातमीत ज्या मुलांच्या लघवीत अफू सापडल्याचं म्हटलंत, त्यांचं गाव छापलंत, कॉलेज छापलंत. चाचणी कोणती केली, हे मात्र कुठेच नाही. झटपट निकाल देणारी पट्टी, की रेणूंच्या वजनावरून द्रव्य नेमकं ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री? बातमी वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, कारण हे आमच्या घरी घडलं आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलाची जहाजावर जाण्यापूर्वीची तपासणी होती. पट्टीवर मॉर्फीनची, म्हणजे अफूतल्या मुख्य द्रव्याची, रेघ उमटली नाही. रेघ नसणं म्हणजे पॉझिटिव्ह. सुपारीचं खांडही न खाणारा माझा मुलगा. घरी येऊन म्हणाला, “आई, मी काही घेतलेलं नाही गं.” मी अनारशांचा डबा उघडून बसले. एका अंगाला थापलेली खसखस. सकाळी निघताना सहा अनारसे मीच वाढले होते.

अफूच्या बोंडाचा चीक खसखशीच्या दाण्याला लागलेला असतो. त्यात मॉर्फीन असतं, त्याच्याच जातीचं कोडीन असतं. म्हणूनच अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीची मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. इथे ३०० च्या पट्ट्या आजही सर्रास वापरतात!

मी रसायनशास्त्र शिकवलं आहे, म्हणून भांडले आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. बहुतेक मॉर्फीन लघवीत ग्लुकुरोनाइडच्या रूपात, म्हणजे शरीराने जोडलेल्या साखरेसारख्या रेणूसकट, येतं. एन्झाइमने ते सुटं करायचं, नमुना कार्ट्रिजमधून, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून, सोडायचा, नको ते धुऊन काढायचं आणि धरून ठेवलेलं औषध सॉल्व्हंटने उतरवायचं. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं, म्हणून वेगळं ओळखू येणारं) मॉर्फीन आधीच मोजून घातलेलं असतं, त्यामुळे वाटेत किती गळालं त्याचाही हिशेब लागतो. तेव्हा कुठे आकडा मिळतो. आमच्या अहवालात थिबेन हे खसखशीतलं आणखी एक द्रव्य निघालं. हेरॉइनची खूण असलेलं ६-मोनोॲसिटिलमॉर्फीन नव्हतं. अहवालाला अकरा दिवस लागले. जहाज गेलं होतं.

उलट, ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल ही प्रयोगशाळेत बनवलेली, अफूसारखा परिणाम करणारी वेदनाशामकं घेणारा याच पट्टीतून बिनबोभाट सुटतो, कारण ती पट्टी त्यांच्यासाठी नाहीच.

शेजारच्या चौकटीत नदीच्या पाण्यात अमली द्रव्याचं प्रमाण ‘४०’ छापलं आहे. ४० काय? लिटरला नॅनोग्रॅम की मायक्रोग्रॅम? हजारपटीचा फरक आहे, संपादकसाहेब. एकक छापायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

त्या मुलांची दुसरी तपासणी झाली का, ते कृपया शोधून छापा, आणि पहिल्या बातमीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, रत्नागिरी
(मुलगा आता नोकरीत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)