सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेप्टिक टँक साफ करताना कामगार गुदमरून दगावल्याची बातमी आली की मृतांचा आकडा पुष्कळदा दोन किंवा तीन असतो. असं का होतं, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, रसायनशास्त्र शिकवायचे, आणि सध्या आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे.

बंद टाकीत मैला हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन व हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तोच क्षण सर्वांत घातक असतो. शिवाय गाळात बराच वायू अडकलेला असतो. सोड्याची बाटली हलवल्यावर व्हावं तसं फावडं लागताच तो उसळून बाहेर येतो. झाकण तासभर उघडं ठेवलं होतं, या सबबीला म्हणूनच काही अर्थ नाही. पहिला माणूस काही श्वासांत कोसळतो. वर दोरी धरून उभा असलेला बहुधा त्याचा भाऊ, भाचा नाहीतर शेजारी असतो. तो विचार करत बसत नाही, उडी मारतो.

पावसाळ्याआधी आमची टाकी उपसायची होती. एका ठेकेदाराने, मैला यंत्राने खेचून घेणाऱ्या सक्शन गाडीच्या निम्म्या दरात काम करून देतो म्हणून सांगितलं. सामान काय, तर दोन माणसं, दोरी, बादली, फावडं. गॅस आहे का ते कसं बघणार, असं मी विचारलं. ‘पेटता कागद टाकून बघतो ना,’ तो म्हणाला. मिथेन असलेल्या टाकीत पेटता कागद! मीटिंगमध्ये एक सभासद मला म्हणाले, ‘अहो मॅडम, त्या लोकांना सवय असते.’ विषाची सवय कुणाच्याही फुप्फुसांना होत नाही, आणि ‘ते लोक’ म्हणजे कोण हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. हे काम मात्र अजूनही त्याच जातींच्या, त्याच वस्त्यांमधल्या माणसांच्या वाट्याला येतं.

ठेकेदाराला काम दिलं की आपण मोकळे, असा पुष्कळ सोसायट्यांचा समज आहे. हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, या २०१३च्या कायद्याचं सातवं कलम वाचा. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला, प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात चेअरमन, सेक्रेटरी आणि चेकवर सही करणारे खजिनदारही येऊ शकतात.

डिसेंबर २०१९मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार दगावले. त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर २०२१मध्ये. खरं तर असे दहा लाख द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. नवरा गमावलेल्या बाईला हे कोण सांगणार? ठेकेदार तर सांगणार नाहीच.

आमच्याकडे अखेर गाडीच आली. ठेकेदाराने आणलेल्या दोघांपैकी एक विशीतला होता. काम मिळणार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ‘बाई, आज हजेरी बुडाली,’ एवढंच तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. जीव वाचवल्याचं समाधान आपण मिळवायचं आणि रोजी त्याने बुडवायची, हा न्याय नव्हे. मी कमिटीला त्या दोघांची दिवसाची मजुरी द्यायला लावली आणि ती मंजूर झाली. पण एका दिवसाच्या मजुरीने काय होतं? सक्शन गाडी चालवायचं, तिची देखभाल करायचं प्रशिक्षण आणि कायमची नोकरी आधी याच मुलांना मिळायला हवी. पुनर्वसन हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे.

आपल्याला एक विनंती आहे. अशी दुर्घटना घडली की बातमी ‘गुदमरून मृत्यू’वर संपते. काम कुणी दिलं होतं, २०१३च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला की नुसती अपघाती मृत्यूची नोंद झाली, हेही त्याच बातमीत छापा. आणि सहा महिन्यांनी एक वार्ताहर पुन्हा त्या घरी पाठवा. तीस लाख मिळाले की नाही, ते विचारायला.

– एक निवृत्त शिक्षिका