वाटणीआधी निचऱ्याचं बघू

ती. आई-आबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

वाटणीच्या कागदाचा फोटो दादाने पाठवला. विहिरीचं वरचं रान त्याला, ओढ्याकडचं खालचं मला, आणि घरामागचा तुकडा तुमच्याकडे. आबा, हक्कसोडीवर सही न मागता तुम्ही माझं नाव कागदात घातलंत, याचा फार आनंद झाला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. तो हक्क जन्मापासूनचा आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. तरी आपल्याकडे लेकींना साडीचोळी करून सहीला नेणं काही थांबलेलं नाही.

खालचं रान क्षारपड म्हणून माझ्या वाट्याला आलं, असं आत्या म्हणाली. तिचं सोडा, मला ते रान चालेल. पण कागदात नुसता बांध दाखवलाय, पाण्याचं अक्षरही नाही. ते लिहिल्याशिवाय सही नको, दादाचीही नको.

शिरोळची आपली काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर खाली सोडत नाही. वर उसाला पाट सोडला की रात्रभर पाणी चालू. मुळांना नको असलेलं पाणी झिरपतं, उताराने खाली सरकतं आणि ओढ्याकडच्या रानात जमिनीलगत तुंबतं. ऊन तापलं की ते वर चढतं, वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. सरीच्या वरंब्यावर उन्हाळ्यात पांढरं फुटतं ते हेच. म्हणजे वर पाणी देणारा एक नि खाली मीठ झेलणारा दुसरा. आजवर दोन्ही रानं तुमचीच होती म्हणून भांडण झालं नाही, एवढंच.

यावर इलाज सच्छिद्र पाइपांचा. साधारण तीन-चार फूट खोल चर काढायचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले पाइप उतार धरून टाकायचे आणि मुख्य पाइप ओढ्यात सोडायचा. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने आपल्या तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी कामं केली आहेत. एकट्याने भागत नाही. आपला ओढाही गाळाने भरलाय, तो आधी खोल झाला नाही तर पाइपातलं पाणी जाणार कुठे? शेजाऱ्यांनाही बरोबर घ्यावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं. दादाच्या रानाचा पाइप ओढ्याला न्यायचा तर तो माझ्या रानातूनच जाणार. ती वाट मी कायमची लिहून देते. त्याने उसाला ठिबक करावं. निचऱ्याचा खर्च निम्मा-निम्मा. हे सगळं वाटणीपत्रात येऊ दे, मग तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज देऊ. पोरं मोठी झाली की तोंडी शब्द कोण मानतं, हे आपल्याच भावकीत बघितलंय.

आई, तू कागदात कुठेच नाहीस. भांगलणीपासून कारखान्याच्या बिलापर्यंत सगळं तुला पाठ, आणि सात-बाऱ्यावर नाव नाही. आबा, वाटणीत तिचाही हिस्सा धरा. घरामागचा तुकडा तुमच्या नावे राहणार असेल तर त्यावर तिला सहधारक करा. लक्ष्मीमुक्तीची ही सोय १९९२ पासून आहे, नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा आणि फेरफार धरायचा. याला दादाची हरकत नसेल, मी विचारलंय.

जिप्समची पोती मात्र इतक्यात आणू नका. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीला लागतं. जमीन नुसती खारवट असेल तर मीठ धुऊन बाहेर काढावं लागतं, आणि त्याला निचराच पाहिजे. आपली कुठली आहे ते माती तपासल्यावर कळेल. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर बरंच काम झालंय, तिथे दादाला पाठवा.

मी रविवारी येते. तोवर खालच्या रानात पाच फुटांचा खड्डा काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती फुटांवर उभं राहतं ते मोजा. आई, खड्डा गड्याकडून काढून घे, आबांच्या हातात कुदळ देऊ नकोस.

तुमची,
माई