‘आइस स्टोन्स’ न खोडणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीची आई. नाव लिहीत नाही, पण तुम्हाला कळेल. सिडकोत ब्लाउज शिवते ती. परवा रात्री मशीन बंद केलं आणि लेकीची इंग्रजीची वही पहिल्या पानापासून वाचत बसले. खूप वेळ लागला. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००मध्ये. आमच्या वेळी ते पाचवीला यायचं आणि दहावीला सुटायचं. तरी अडखळत का होईना, सगळी वाचली. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

नववीत ‘अ रेनी डे’ हा निबंध होता. गाइडमध्ये तो ठरलेला असतो: छत्री, कागदी होड्या, इंद्रधनुष्य. माझ्या मुलीने निफाडला मामाच्या द्राक्षबागेवर झालेली गारपीट लिहिली. माल आठ दिवसांत उतरायचा होता. गारांना इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने लिहिलं ‘आइस स्टोन्स’.

हा निबंध तिने आधी क्लासमध्ये दाखवला होता. त्या क्लासची वर्षाची फी आम्ही एकरकमी भरली होती, दिवाळीची सगळी शिलाई त्यात गेली. सरांनी पानभर लाल फुली मारली आणि पाठ केलेला निबंध लिहून आणायला सांगितलं. त्यांनी तो वाचलाच नव्हता. मुलगी घरी येऊन जेवली नाही. मला त्या फुलीचा राग आजही येतो, मॅडम. चूक दाखवली म्हणून नाही. पोरीने पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं होतं आणि ते कोणी ऐकलंच नाही, म्हणून.

मग तोच निबंध तिने नव्या वहीत उतरवून भीत भीत तुमच्याकडे दिला. तुम्ही ‘आइस स्टोन्स’ खोडलं नाही. खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, सोप्या इंग्रजीत लिहिलंत की मला त्या गारा दिसल्या, मग मामाने काय केलं?

एवढंच. मार्क नाहीत, शेरा नाही. तिने पुढच्या पानावर उत्तर लिहिलं, तुम्ही पुन्हा विचारलंत. अशी ती वही भरत गेली. तिने लिहिलं ‘मामा रन्ड’. तुम्ही चूक दाखवली नाहीत, पुढच्या प्रश्नात ‘ही रॅन’ लिहिलंत. त्यानंतर तिच्या लिखाणात ‘रन्ड’ पुन्हा कुठे सापडलं नाही, मी मुद्दाम शोधलं. पुढे कधीतरी डिक्शनरीत ‘हेल’ हा शब्द तिचा तिलाच सापडला. तिने मागे जाऊन पहिल्या पानावर तो लिहिला, पण ‘आइस स्टोन्स’ तसंच राहू दिलं.

वाचायलाही तुम्ही असंच शिकवलंत. आपलं मराठी लिहितो तसं बोलतो. इंग्रजीत ‘ओयूजीएच’ ही चारच अक्षरं, पण ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘टफ’ या शब्दांत तीन तऱ्हेने वाजतात. पोरं तिथेच बिचकतात. तुम्ही वाक्यात पेन्सिलीच्या रेघा मारून दिल्यात आणि म्हणालात, शब्द शब्द वेचू नका, घास घास घ्या. आता ती संध्याकाळी मोठ्याने वाचते, माझी मशीन चालू असली तरी.

आधीच्या शाळेत तोंडी परीक्षेचे गुण तोंड न उघडताच मिळायचे. तुमच्या वर्गात कोणी बोलताना अडलं तर बाकीच्यांनी शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, असा नियम आहे म्हणे. पहिल्या दिवशी ती मधेच अडली तेव्हा अख्खा वर्ग थांबला होता, आणि तुम्ही खिडकीकडे बघत उभ्या होतात, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या माणसाला हाक मारतात. माझ्याकडे बायका मापं द्यायला येतात, त्यातली एखादी बोलता बोलता थांबते. हल्ली मीही टेप हातात धरून तशीच थांबते.

वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही विचारलंय, गारा पडत होत्या तेव्हा तुझी आई कुठे होती? लेकीने त्याचं उत्तर लिहिलेलं नाही. तिला ते माहीत नव्हतं.

मी तिथेच होते, मॅडम. पडवीत. भाऊ बागेकडे निघाला होता आणि मी मागून त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता.

आपली,
एक आई