खिडकीचं माप

सायू,

परवा तुझ्या नोकरी सोडून चित्रं काढण्यावरून बोलताना फोन मीच आपटला. आई दोन दिवस झाले तोंड फुगवून बसलीय, पण तिच्यासाठी लिहीत नाहीये. बोलायला गेलं की माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय.

चित्रकार सुधीर पटवर्धनांचं नाव मी टोमणा म्हणून नव्हतं काढलं. आपल्याच ठाण्यातला माणूस, २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच वर्षांत इराण्याच्या हॉटेलातली, लोकलमधली, पुलावरची माणसं रंगवली, एवढंच म्हणायचं होतं. तू म्हणालीस, बाबा ते एक्सरे बघायचे, मी एचआरमध्ये बसून एक्सेल भरते, त्यातून काय चित्र निघणार. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून फोन आपटला. आई म्हणते शेवटी त्यांनी पण सोडलीच ना प्रॅक्टिस. हो, पण छप्पन्नाव्या वर्षी! तू सत्तावीसची.

असो. नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

खिडकी उघडी ठेवतेस ना? एकच खोली, तिथेच झोपणार, तिथेच ऑइल आणि टर्पेंटाइन. एक्सरे फिल्म धुवायच्या हायपोचा वास माझ्या नाकातून अजून गेला नाहीये, डार्करूम बंद होऊन किती वर्षं झाली. आम्हाला निदान छातीला रेडिएशन मोजणारा बॅज होता, दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा, किती डोस लागला ते कळायचं. टर्पेंटाइनला बॅज नसतो गं. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेटतात. झालं, परत लेक्चर. सॉरी.

२०२० च्या जानेवारीत मुंबईच्या एनजीएमए आर्ट गॅलरीत पटवर्धनांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, आठवतं? मी सवयीने हाडंच बघत होतो, खांदा कुठे उतरलाय, वजन कुठल्या पायावर आहे, आणि एकूण एक माणूस बरोबर उभा होता. तू एका चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेलीस, वॉचमन ओरडला, मॅडम मागे. मी त्याला म्हटलं, अहो ती पेंटर आहे. तू तेव्हा एमबीएला होतीस. का बोललो माहीत नाही, तुला ऐकू गेलं की नाही तेही माहीत नाही.

लाडू नंदूबरोबर पाठवलेत. पैसे संपले तर आधी मला सांग, नंदूला नको.

नऊ इंची एक्झॉस्ट फॅन बघून ठेवलाय. बडोद्याला पार्सल जातं म्हणाला दुकानदार. खिडकीचं माप पाठव, इंचात, आणि ग्रिल आतून आहे की बाहेरून ते पण.

बाबा