बाकीबाब कुठल्या कपाटात?

फोंडा

प्रिय सुहास,

हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुलाच लिहितोय. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात.

वाचनालयात नवी कपाटं आली. एकावर मराठी, दुसऱ्यावर कोंकणी अशी पट्टी डकवली. तिथल्या मुलीनं कवी बोरकरांच्या, आपल्या बाकीबाबांच्या, पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून विचारलं, "बाकीबाबाक खंय दवरूं?" मराठी कविता इथं, ‘सासाय’ हा कोंकणी कवितासंग्रह तिथं, हिशेब सरळ होता. पण माझा हात उचलेना. ‘सासाय’ला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा तू पेढे वाटलेस आणि मी म्हटलं, दूध मराठीचंच आहे! किती दिवस अबोला धरला होतास रे.

बैठकीत एक तरुण सभासद म्हणाला, घरात कोंकणी बोलून मराठीत लिहिलेलं गोव्याचं कसं? माझं रक्तच तापलं. आईनं मला कोंकणीत बदडलं आणि तिन्हीसांजेला मराठीत हरिपाठ म्हटला. देवळातलं कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, नाटक सुटल्यावर खाज्यांच्या दुकानावरची घासाघीस कोंकणी. यातलं परकं कुठलं? स्टीफन्स पाद्रीचं काय करणार? जन्मानं इंग्रज, १६१६ साली गोव्यातल्या राशोलला ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापतो आणि व्याकरण लिहितो ते कोंकणीचं!

राजभाषेच्या आंदोलनात आपण समोरासमोरच्या मोर्चांत होतो. कोंकणीला राजभाषा करणारा १९८७चा कायदा झाला त्या रात्री तू दारात येऊन ओरडला होतास, आठवतं? कोंकणीला बोली म्हणून खाली बसवणं अन्यायच होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो, तुला ऐकायचं नव्हतं. पण आता उलट्या बाजूनं तेच चाललंय. उद्या एखादं पोर एकच कपाट उघडेल आणि आपल्याच आजीचा अर्धा आवाज त्याला पाहुण्याचा वाटेल. याची मला खरंच धास्ती वाटते, सुहास.

लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. छपराची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

गोव्यातले लेखक एकाच कपाटात, नावाच्या अक्षरानुसार लावावेत, असा ठराव मी मांडलाय. रविवारी मतदान आहे. तू कोंकणीवाला उठून बाजूनं बोललास तर पास होईल, माझं एकट्याचं कुणी ऐकणार नाही. सकाळच्या बसनं ये. वर्गणी थकली असेल तर मी भरून ठेवतो.

तुझा,
श्याम